गाडी माझ्या नावावर होती

"गाडी चालवणार कोण?" काउंटरमागच्या माणसाने विचारलं. विचारलं मला, बघत होता दिगंबरकडे.

"मी."

दिगंबर काळा चष्मा लावून खुर्चीत बसला होता, मांडीवर गळाच्या काठ्यांचं लांबलचक बोचकं घेऊन. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. दिगंबर माझा नवरा. कॉलेजातली ओळख, त्यामुळे मी त्याला आजही अरेतुरेच करते. माझ्या मोठ्या बहिणीला, इंदूताईला, ते कधीच आवडलं नाही. तीही त्या दिवशी आमच्याबरोबर होती. दाराजवळच्या बाकावर बसली होती, पायांशी एक फुगलेली निळी बॅग.

"सरांचं लायसन्स असेल ना?"

"लायसन्स आहे. डोळे अजून यायचेत."

"मॅडम, रागावू नका, पण मध्ये कुंभार्ली घाट आहे. आमचा ड्रायव्हर घेऊन जा ना. सीनियर लोक ड्रायव्हरच घेतात."

"बाहेरच्या बोर्डावर 'गाडी घ्या, स्वतः चालवा' असं लिहिलंय," मी म्हटलं. "खाली 'म्हाताऱ्या सोडून' असं काही दिसलं नाही मला."

त्याने मुकाट्याने माझं लायसन्स घेतलं.

आम्ही आमची गाडी विकल्यापासून लागेल तेव्हा भाड्याचीच घ्यायचो, आणि एकदा चांगलीच फजिती झाल्यापासून मला एक सवय लागली होती. किल्ली हातात आली की आधी फोनचा कॅमेरा चालू करून गाडीभोवती प्रदक्षिणा. प्रत्येक ओरखडा, प्रत्येक पोचा, काचा, टायर, मीटरवरचा आकडा, सगळं त्या माणसाच्या आवाजासकट चित्रित करायचं. मग डिकी उघडून स्टेपनी अंगठ्याने दाबून बघायची, जॅक आणि पान्हा आहे की नाही ते स्वतः हाताळायचं. तो माणूस कंटाळून माझ्यामागे फिरत होता.

"मॅडम, गाडी नवीन आहे हो."

"मग दाखवायला काय हरकत आहे?"

ताई मागच्या सीटवर जाऊन बसली. बॅग डिकीत ठेवू देईना. पायाशीच हवी म्हणाली. काच खाली करून तिने त्या माणसाला विचारलं, "काय रे, जाताना तिघं आणि येताना दोघं असं चालतं का तुमच्याकडे?"

"कुणाला विसरून येताय की काय आजी?"

"मासे धरायला चाललोय. एखाद्याला मासाच ओढून नेतो."

आम्ही सगळे हसलो. सगळ्यांत जास्त मी.

ही गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. ताई तेव्हा सत्तरी ओलांडलेली, मी साठीत. ताईने सगळी नोकरी गुहागर तालुक्यात, खाडीकाठच्या खारवंड नावाच्या गावात काढली. आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. भाऊजी खाडीतल्या प्रवासी लाँचवर तांडेल होते, लाँच तेच हाकायचे. राहायला सरकारी क्वार्टर. भाऊजी गेले, तिची नोकरी संपली, क्वार्टर सुटलं आणि तिच्या एकुलत्या एक मुलाने, प्रसन्नने, तिला पुण्याला आणलं. तेराव्या मजल्यावर. मुलगा चांगला, सून चांगली. हे आधीच सांगते, कारण या गोष्टीत वाईट कुणीच नाही, आणि म्हणूनच ती अवघड होती.

एकदा ताईने गॅसवर दूध ठेवलं आणि ती विसरली. दूध उतू गेलं, आच विझली, घरभर गॅस पसरला. कामवाली वेळेवर आली म्हणून निभावलं. त्या दिवसापासून प्रसन्न घाबरला तो घाबरलाच. लायटर कपाटात गेला. मग 'लिफ्टने एकटी खाली जाऊ नकोस' आलं. मग तिचं एटीएम कार्ड 'माझ्याकडेच राहू दे' झालं. मी भेटायला गेले की ताई सोफ्यावर हात जुळवून बसलेली असायची, दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघत बसावं तशी.

दिवाळी झाल्यावर दिगंबरने खारवंडला मासे गरवायला जायचं काढलं. आम्ही दोघं पूर्वी दर वर्षी ताईकडे जायचो, आणि दिगंबर नि भाऊजी दिवस दिवस धक्क्यावर गळ टाकून बसायचे. ताई म्हणाली, "मीही येते." प्रसन्नने औषधांचा डबा लावून दिला, दर दोन तासांनी फोन करायचं वचन घेतलं आणि मला बाजूला नेऊन म्हणाला, "मावशी, तुझ्या भरवशावर पाठवतोय हं."

घाटात टायर पंक्चर झालं.

वळण संपून रस्ता जरा रुंद होतो तिथे मी गाडी कडेला घेतली. चाकामागे दगड लावले. कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला तर रेंज नाही. दिगंबरला डोळ्यांच्या डॉक्टरांनी वाकायला आणि जोर लावायला सक्त मनाई केलेली. तो नुसता "हेमा, जपून, हेमा, जपून" करत उभा. मी जॅक लावायच्या आधी नट सैल करायला घेतले. एक हलेना. पान्ह्यावर दोन्ही हातांनी रेटलं तरी हलेना.

"त्याच्यावर उभी राहा," मागून ताई म्हणाली. ती कधी उतरली ते कळलंही नव्हतं.

"काय?"

"पान्ह्यावर. पाय देऊन उभी राहा. मी धरते तुला."

मी चप्पल काढली आणि पान्ह्यावर चढले. ताईने माझी कंबर धरली. मी एकदा अंग टाकलं, दोनदा टाकलं, तिसऱ्यांदा कर्रकन आवाज करत नट फिरला आणि आम्ही दोघी धडपडत एकमेकींच्या अंगावर आलो. समोरून एक ट्रक जात होता. त्यातल्या क्लीनरने शिट्टी मारली. ताईने त्याला हात हलवला.

मी स्टेपनी बसवत असताना ताई कठड्यावर बसून पदरात नट सांभाळत होती. तेवढ्यात तिच्या फोनला रेंज आली आणि फोन वाजला. प्रसन्न.

"अरे मजेत आहोत," ताई म्हणाली. "चहाला थांबलोय. हो. हो, घेतल्या गोळ्या. मावशी ना, चहा पितेय ती."

मी तेलकट हातांनी तिच्याकडे बघत राहिले. ताईला खोटं बोलताना मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. फोन ठेवून तिने पदरातला एकेक नट माझ्या हातात दिला. गोळ्या मात्र तिने खरंच घेतल्या नव्हत्या. तेही ती विसरली होती. मी आठवण करून दिली तेव्हा तिने त्या घेतल्या, आणि थोड्या वेळाने मला पुन्हा विचारलं, "घेतल्या ना गं मी?"

खारवंडला आम्ही झुलेखा मुकादमच्या घरी उतरलो. झुलेखा उर्दू शाळेत बाई होती. ताई आणि ती गावात एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या. तिची दोन्ही मुलं कुवेतला, नवरा वारलेला, घर ऐसपैस. आम्ही पोचलो तेव्हा ती ओटीवर उभीच होती.

"ये गो इंदूबाय," ती म्हणाली. बस्स. जणू ताई बाजारात जाऊन परत आली होती.

सकाळी भरती लागायच्या सुमाराला आम्ही धक्क्यावर गेलो. दिगंबरने बाजारातून जिवंत कोळंबी आणली होती. त्याने गरीला, म्हणजे गळाच्या आकड्याला, कोळंबी लावली, तंगुसाची नायलॉन दोरी पाण्यात सोडली, ताईच्या हातात एक काठी दिली आणि स्वतः काळ्या चष्म्याआडून पाण्याकडे बघत बसला. मी थर्मासमधून चहा ओतत होते. समोर खाडी रुंद होत समुद्राकडे गेलेली. पलीकडच्या काठाला एक होडी पाणी कापत चाललेली. येणारी-जाणारी माणसं ताईला ओळखत होती. एक दणकट बाई डोक्यावरची पाटी खाली ठेवून म्हणाली, "नर्सबाई, हा माझा मुलगा तुमच्याच हातचा," आणि तिने एका मिशीवाल्या माणसाला पुढे ढकललं. तो लाजला.

ताईची काठी वाकली.

नुसती वाकली नाही, टोक पाण्याला लागायला आलं. ताई उभी राहिली. तंगूस सरसर सुटायला लागलं.

"ताई, द्या, माझ्याकडे द्या," दिगंबर उठला.

"हात लावू नका."

"अहो, मोठा आहे. तांबोशी असणार. तुम्हाला खेचेल."

"दिगंबरराव, हात लावू नका म्हटलं ना!"

मी तिला मागून धरायला गेले तर तिने कोपराने मला दूर केलं. पाय फाकवून, पदर खोचून ती उभी राहिली. मासा धक्क्याच्या खांबाकडे ओढायचा आणि ती त्याला बाहेर वळवायची. सैल सोडायची, गुंडाळायची, पुन्हा सोडायची. तंगूस तिच्या बोटात रुतलं, रक्त आलं. ती ओठ दाबून उभी. धक्क्यावरची माणसं गोळा झाली, पण कुणी पुढे झालं नाही. शेवटी पाण्यावर लालसर पाठ दिसली, आणि त्या मिशीवाल्याने खाली उतरून झोळीत मासा घेतला. हातभर लांबीची तांबोशी. वर आणल्यावरही शेपटी आपटत होती.

ताई धापा टाकत पायरीवर बसली. मी तिच्या बोटाला रुमाल गुंडाळला. ती हसत होती. घामाने केस कपाळाला चिकटलेले.

"हेमू," ती म्हणाली, "मी परत येत नाहीये."

"आज नाहीच जायचंय. उद्या जेवून निघू."

"उद्याही नाही. मी इथेच राहणार. झुलेखाकडे. खालच्या दोन खोल्या तिने मला दिल्यात. आमचं बोलणं झालंय, पावसाळ्यापासून चाललंय. बॅगेत माझे सगळे कपडे आहेत."

मला आधी कळलंच नाही. मग त्या भाड्याच्या गाडीवाल्याला विचारलेला तिचा प्रश्न आठवला आणि माझं डोकंच फिरलं.

"म्हणजे मला फसवून आणलंस तू?"

"फसवून नाही. न सांगता."

"फरक काय त्यात? प्रसन्नने माझ्या भरवशावर पाठवलंय तुला! मी त्याला काय तोंड दाखवू? आधी सांगता आलं नाही?"

"सांगितलं असतं तर प्रसन्नला न सांगता राहिली असतीस?"

"नसते राहिले."

"मग."

दिगंबरने घसा साफ केला आणि तो उगाचच गरीला नवी कोळंबी लावायला लागला.

"ताई, तू विसरतेस," मी आवाज खाली आणून म्हटलं. "काल गोळ्या विसरलीस. घेतल्यावर, घेतल्या हेही विसरलीस. उद्या इथे काही झालं तर?"

"विसरते. मला माहितीये ना. वाढतही जाईल." तिने रुमाल सोडून बोट बघितलं, पुन्हा गुंडाळलं. "पण हेमू, तिथे मला विसरायला काही उरलेलंच नाही. सकाळी उठते, कुणीतरी चहा देतं. दुपारी कुणीतरी ताट देतं. काय लक्षात ठेवू मी? या हातांनी मी कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं केली. आता त्यांना लायटर द्यायचा नाही म्हणतात."

मी अजून चिडलेलीच होते. तिने तिथेच, माझ्यासमोर, प्रसन्नला फोन लावला आणि जे मला सांगितलं तेच चार वाक्यांत त्याला सांगितलं. मग फोन कानापासून लांब धरला. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

प्रसन्न दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी पोचला. एकटाच आला होता. दाढी केलेली नव्हती. ओटीवर न चढता अंगणात उभा राहिला.

"चल आई."

"आधी पाणी पी. बस."

"मी बसायला आलो नाहीये. आई, हा काय पोरकटपणा आहे? तू इथे पडलीस तर? हॉस्पिटल किती लांब आहे इथून?"

"ते मला विचारतोस?" ताई म्हणाली. "या गावातली माणसं मी चिपळूणला पोचवलीत. होडीतून, ट्रकमधून, एकदा तर बैलगाडीतून. मला पोचवणारं कुणीतरी भेटेल."

"आणि गॅस? परत तसं झालं म्हणजे?"

"इथे सगळी दारं-खिडक्या उघड्या असतात, बाळा," झुलेखा आतून म्हणाली. ती माजघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. "आणि ती विसरली तर मी आहे. मी विसरले तर ती आहे. दोघी एकदम विसरलो तर चहा होणार नाही, आणखी काय?"

"मावशी, तुम्ही प्लीज यात पडू नका," प्रसन्न तिला म्हणाला. मग ताईकडे वळून आवाज दाबून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, बोलला, "लोक काय म्हणतील याचा विचार केलास? मुलगा असताना आई दुसऱ्याच्या घरी राहते. आणि तेसुद्धा..."

"तेसुद्धा काय?" झुलेखाने शांतपणे विचारलं. "बोल ना. मुकादमांच्या घरी. तुझी आई रात्रपाळीला असली की तू याच ओटीवर झोपायचास. माझ्या हातची बिरयाणी खाऊन. तेव्हा लोक काय म्हणायचे?"

प्रसन्नचे कान लाल झाले. "मला तसं म्हणायचं नव्हतं."

"नसेलच," झुलेखा म्हणाली. "तू भला पोर आहेस. पाणी पी."

तो पाणी प्यायला. मला वाटलं, निवळेल. पण त्याने गडवा खाली ठेवला आणि ताईकडे पाठ करून माझ्यासमोर आला. थकलेला दिसत होता, रात्रभर झोपला नसावा. आजारी माणसाच्या उशाशी बोलतात तशा समजुतीच्या सुरात तो म्हणाला, "मावशी, तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तिला आता कळत नाही. तू आणलंयस, तूच घेऊन चल. माझ्याबरोबर ती रडारड करेल. तू तिला गाडीत बसव, मी मागून येतो."

आणि तो आत जाऊन ताईची निळी बॅग घेऊन आला. दिगंबर आमच्या गाडीच्या डिकीत काठ्या ठेवत होता. प्रसन्नने त्या काठ्यांवरच बॅग टाकली आणि डिकी धाडकन बंद केली.

ताई ओटीवर बसलेली होती. आता ती हात जुळवून बसली. अगदी तेराव्या मजल्यावरच्या सोफ्यावर बसायची तशी.

काल सकाळी याच बाईने मला कोपराने ढकललं होतं.

मी अंगणात उतरले. आदल्या दिवसापासूनचा माझा राग अजून गेला नव्हता. तो ताईवर काढावा, तिला हाताला धरून उठवावं, हे मनात आलं नव्हतं असं नाही. पण 'तिला कळत नाही' हे त्याने तिच्यासमोर म्हटलं होतं, आणि तिने ते ऐकलं होतं, आणि ती ऐकतेय हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. मी किल्ली काढली. डिकी उघडली. बॅग जड होती, दोन्ही हातांनी ओढून काढली आणि उचलून ओटीवर नेऊन ताईच्या शेजारी ठेवली.

"मावशी!"

"प्रसन्न, ही गाडी माझ्या नावावर आहे," मी म्हटलं. "तिच्यात कोण बसणार ते मी ठरवणार."

"हा विनोद नाहीये."

"मी विनोद करत नाहीये. तिला यायचं असेल तर ती स्वतः उठेल, स्वतः चालत येईल आणि स्वतः दार उघडून बसेल. मी तिला बसवणार नाही. सामान बसवतात."

"आणि उद्या काही झालं म्हणजे? जबाबदारी घेशील तू?"

"नाही," मी म्हटलं. "तिची तिने घेतलीये."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग ओटीकडे बघितलं. "आई?"

ताईने जुळवलेले हात सोडले. बॅग जवळ ओढली, तिची चेन उघडली, आतली एक साडी काढून मांडीवर घेतली आणि घडी नीट करायला लागली.

"जेवून जा," ती म्हणाली. "तांबोशीचं कालवण आहे. मी धरलीये."

तो जेवला नाही. त्याची गाडी गावातल्या अरुंद रस्त्याने हॉर्न देत निघून गेली. ताईने घडी पुरी केली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि बराच वेळ येतच राहिलं. झुलेखा तिच्याजवळ बसून लसूण सोलत होती. कुणी काही समजावलं नाही.

आम्ही दोघं परत निघालो. घाट चढून वर आल्यावर दिगंबर म्हणाला, "बरोबर केलंस की नाही ते मला माहीत नाही हेमा."

"मलाही नाही," मी म्हटलं. "पण आज तेच करणार होते."

गाडी परत देताना त्या माणसाने मागच्या दारावरचा ओरखडा दाखवून कुरकुर केली. मी फोन काढून चित्रण त्याच्यापुढे धरलं. त्यात ओरखडाही होता आणि "गाडी नवीन आहे हो" हा त्याचाच आवाजही. तो विषय तिथेच संपला.

नातेवाइकांतला विषय संपला नाही. लग्नाकार्यांत मला बाजूला घेऊन बोललं गेलं. "सख्खी बहीण असून तिला तिथे टाकून आलीस?" मी प्रत्येकाला एकच सांगायचे, "टाकली नाही. उतरवली. तिला तिथेच उतरायचं होतं." प्रसन्न माझ्याशी बोलायचा बंद झाला. ताईला मात्र तो दर महिन्याला औषधं घेऊन भेटायला जायचा. पहिले काही महिने ओटीवरूनच परतायचा, मग जेवायला लागला, मग एकदा राहिला, असं झुलेखाकडून कळायचं. माझा विषय त्याच्यासमोर कुणी काढत नसे.

ताई खारवंडला चार वर्षं राहिली आणि मग, प्रसन्न म्हणाला होता तसंच, पडली.

धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. धक्क्यावरच्या माणसांनी तिला फळीवर घालून जीपने चिपळूणला नेलं. प्रसन्नचा फोन मला तेव्हा आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"बघ मावशी," तो म्हणाला. "पडली शेवटी."

"हो, पडली," मी म्हटलं. "मासे धरताना पडली. तेराव्या मजल्यावर बाथरूममध्ये पडली असती तर तुला बरं वाटलं असतं का रे?"

तो एवढंच म्हणाला, "येतेस का? मी न्यायला येतो."

ऑपरेशन झालं. ताईला घरी सोडलं त्या दिवशी प्रसन्नने गाडी दवाखान्याच्या दाराशी आणली. ताईला पुढच्या सीटवर बसवायला दोन नर्स आल्या. तिने त्यांना नुसते खांदे धरू दिले आणि बसली स्वतः. वॉकर माझ्याजवळ मागे. पुण्याच्या घरी खोली तयार होती, दिवसरात्रीची बाई ठरवलेली होती, बाथरूममध्ये दांडे बसवले होते. हे सगळं त्याने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. ताईला सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. मी विचारलं नाही.

चिपळूणच्या नाक्यावर आलो. एक रस्ता घाटाकडे, एक गुहागरकडे. प्रसन्नने गाडी थांबवली. दोन्ही हात स्टीअरिंगवर, नजर समोर. मागे एका एसटीने हॉर्न दिला. मग रिक्षावाल्यांनी. तो हलेना. मी मागच्या सीटवर वॉकर धरून बसले होते आणि तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. ही गाडी माझ्या नावावर नव्हती.

ताईने त्याच्याकडे पाहिलं, आरशात मागच्या रांगेकडे पाहिलं.

"इंडिकेटर दे रे, प्रसन्न," ती म्हणाली. "माणसं खोळंबलीत. गुहागरचा दे."

त्याने एक मोठा श्वास घेतला. आणि गुहागरचा इंडिकेटर दिला.